इंजिन ठरेपर्यंतचे बुधवार

मुलुंडची आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा बाकीच्यांना काळजी होती कार्पेट एरियाची. आईला काळजी होती डावाची. बावीस वर्षं, जेवणं आटोपली की दुपारी अडीच वाजता चार जणी आमच्या हॉलमध्ये जमायच्या आणि मेंढीकोट खेळायच्या. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: समोरासमोर बसलेल्या दोघी एकमेकींच्या भिडू, आणि पत्त्यांतल्या चार दश्श्यांपैकी जास्त दश्श्या ज्या जोडीनं ओढल्या ती जोडी जिंकली. चारही ओढल्या की कोट. कोट झाला की आमच्या दुसऱ्या मजल्यावरचा आरडाओरडा खाली वॉचमनला ऐकू जायचा आणि तो वर बघून हसायचा.

आईची भिडू म्हणजे चौथ्या मजल्यावरची मावशी. सख्खी नव्हे, पण मी बोलायला लागल्यापासून तिला मावशीच म्हणते. ती मूळची नांदेडकडची. महापालिकेच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आख्खी नोकरी काढली. तिची ड्यूटी बदलली की डावाची वेळ बदलायची, पण डाव चुकायचा नाही. बुद्धपौर्णिमेला सगळ्या बिल्डिंगला तिच्याकडून खीर यायची. बोलायला एकदम फटकळ. मला शाळेत असताना ताप आला की आई डॉक्टरकडे जायच्या आधी चौथ्या मजल्यावर धावायची, आणि मावशी खाली येऊन आधी आईलाच झापायची, "दोन दिवस काय करायलीस गं? झोपली होतीस का?"

दुसऱ्या जोडीत दोघी काकू. एक मालवणकडच्या, दुसऱ्या एका ऑफिसातून लवकर निवृत्ती घेतलेल्या. बिल्डिंग रिकामी करताना जो तो जमेल तिथे गेला. आई आणि मी तिथेच मुलुंडमध्ये भाड्यानं राहिलो, मालवणी काकू कांजूरमार्गला, ऑफिसवाल्या काकू मरोळला बहिणीकडे, आणि मावशी सगळ्यात लांब, कांदिवलीला मुलाकडे.

महिनाभर चौघींनी फोनवर रडारड केली. मग मावशीनंच फर्मान काढलं की दर बुधवारी सगळ्यांनी कांजूरला जमायचं. मधलं ठिकाण म्हणे. कसलं मधलं! कांदिवलीहून कांजूर म्हणजे बाईला दोन बस आणि एक रिक्षा. पण ती यायची. चार बुधवार त्या कांजूरच्या छोट्या हॉलमध्ये खेळल्या. आई संध्याकाळी घरी यायची ती नव्या नवरीसारखी खुलून, आणि कोणी कोणाची दश्शी कशी कापली ते मला भाजी निवडता निवडता सांगायची.

चौथ्या बुधवारी आई लंगडत घरी आली. गुडघा टम्म सुजलेला. कांजूरला स्टेशनचे जिने चढताना काहीतरी लचकलं होतं. त्याच दिवशी मरोळच्या काकू बसमधून उतरताना पडल्या आणि तळहात सोलवटून घेतला. माझं डोकंच सटकलं. "काय लहान आहात का गं? पत्ते खेळायला हातपाय मोडून घ्यायचे?" मी आईवर ओरडले. ती बिचारी बर्फ लावत बसली. म्हणाली, "मग काय करू? मोबाईलवर असतो म्हणे मेंढीकोट. तो घालून दे."

इथे मी पहिली माती खाल्ली. तयार ॲप शोधून तिच्या मोबाईलवर टाकायला दहा मिनिटं लागली असती. मी म्हटलं, "ती फालतू असतात आई. मध्येच जाहिराती, कोणीही अनोळखी येऊन डावात बसतो. मी बनवते ना. तुम्हा चौघींचाच. फक्त तुमचा."

मी अंधेरीत एका कंपनीत मोबाईल ॲप बनवते. ऐकायला झकास वाटतं. प्रत्यक्षात बँकांची ॲप. "पासवर्ड विसरलात?" असं विचारणारं बटण असतं ना, तशी बटणं मी बारा वर्षं करतेय. गेम बनवायची हौस कॉलेजपासूनची, आणि ती कधीच भागली नव्हती. हे मी तेव्हा आईला सांगितलं नाही. स्वतःलाही सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी मी चौघींच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला. "बुधवार बंद. कोणी कुठे जायचं नाही. दोन महिन्यांत घरबसल्या खेळाल, मी ऑनलाइन गेम बनवतेय." आपल्याच आवाजाचा मला काय अभिमान वाटला होता! मालवणी काकूंचं लगेच उत्तर आलं, "माका मोबाईलचा काय एक कळणा नाय, पण खेळतलंय!" मरोळच्या काकूंनी जोडलेल्या हातांची सहा चित्रं पाठवली. आईनं घरातल्या घरात मला फुलं पाठवली.

मावशीचं ग्रुपवर काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"किती दिवस लागतील म्हणालीस?"

"दोन महिने. फार तर."

"नक्की?"

"अगं नक्की. विश्वास नाही का माझ्यावर?"

मग म्हणाली, "आहे. पत्ते तेवढे जरा मोठे ठेव."

"ठेवते गं," मी म्हटलं, आणि लॅपटॉपवर कामांची यादी केली होती त्यात 'नंतर' या मथळ्याखाली टाइप केलं: पत्ते मोठे. त्याच्या वर होतं, पत्ते पिसण्याचा आवाज. खाली होतं, दिवाळीची खास पार्श्वभूमी.

आता इंजिनाचं सांगते. गेम करायचा तर आधी इंजिन निवडतात. इंजिन म्हणजे तयार सांगाडा. चित्र पडद्यावर आणणं, बोटाचा स्पर्श ओळखणं, हालचाल, आवाज हे त्यात आधीच असतं, आपण आपला खेळ त्यात बसवायचा. आणि एकटीनं ऑनलाइन गेम करायचा तर निवड जपून करावी लागते, कारण चार मोबाईल चार उपनगरांत, पत्ते वाटणार कोण? एका मोबाईलनं वाटले तर त्याला सगळ्यांचे पत्ते ठाऊक. म्हणून मध्ये एक सर्व्हर हवा, तोच पिसणार, वाटणार, कोणाची पाळी ते ठरवणार. इंजिन असं हवं की त्याचं त्या सर्व्हरशी जमलं पाहिजे. एवढं खरं आहे. यापुढचं सगळं मी स्वतःला दिलेलं कारण आहे.

पहिलं इंजिन घेतलं ते सगळ्यात भारी. त्यात युद्धाचे, धुराचे, गवताचं पातं न् पातं हलणारे गेम बनतात. मला त्यात पत्त्यांवर ट्यूबलाइटचा उजेड पडलेला दाखवायचा होता. तीन आठवडे मी टेबलाच्या सनमायकाची चमक जमवत होते. चमक जमली. आईच्या मोबाईलवर टाकल्यावर मोबाईल तापला आणि बंद पडला.

मग दुसरं, मोबाईल गेमवाले सर्रास वापरतात ते. त्यात सगळं भराभर जमत गेलं, पत्ते वाटले गेले, हुकूम ठरायला लागला. जून-जुलै गेला. दोन महिने झालेच होते, पण आता होतच आलं होतं. अशात मी इंटरनेटवर लोकांच्या चर्चा वाचायला बसले. एक म्हणतो ऑनलाइन खेळाला हे इंजिन चांगलं, दुसरा म्हणतो छे, पुढे पस्तावाल, तिसऱ्याच्या मते तर आपण चुकीचा प्रश्नच विचारतोय. मी प्रत्येकाचं वाचायचे. साडीच्या दुकानात सगळा माल उलगडायला लावून घेणारं एक गिऱ्हाईक असतं, ते मी. शेवटी मी तिसऱ्या इंजिनावर गेले, जे फुकट आहे आणि लोकांनी मिळून केलेलं आहे. सगळं परत पहिल्यापासून.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला मी एकदा जेवताना हे सगळं सांगितलं. तो डब्यातून मान वर करून म्हणाला, "चार बायका, बावन्न पत्ते. साधं वेबपेज कर ना. इंजिन कशाला हवंय?"

"तुला नाही कळणार यार. उद्या एकदम हजार डाव चालू झाले तर?"

"कोण खेळणार आहे हजार डाव?"

मला राग आला, कारण तो बरोबर बोलत होता. हजार डाव मला हवे होते. आईच्या डावाचं नाव पुढे करून मी माझी हौस भागवत होते. मला ॲप स्टोअरवर माझं नाव बघायचं होतं, मुलाखतीत सांगायचं होतं की हा गेम मी एकटीनं बनवला, अमुक इंजिनात, असा असा सर्व्हर. मग ते ऐकून समोरच्यानं भुवया उंचावल्या असत्या. बँकेची बटणं सुटली असती. यात वाईट काही नाही म्हणा. पण चार म्हाताऱ्या बायकांना मी त्यासाठी घरी बसवून ठेवलं होतं, हे वाईटच.

आई आधी दर रविवारी विचारायची, "झालं का गं?" मग महिन्यातून एकदा. मग तिनं विचारणं सोडलं. तिनं दुसरं काढलं. दुपारी डायनिंग टेबलावर चार ठिकाणी तेरा-तेरा पत्ते वाटायची आणि चौघींचे हात स्वतःच खेळायची. घरून काम असलं की मला आतल्या खोलीत ऐकू यायचं. मावशीच्या वाट्याचा पत्ता टाकताना ती पुटपुटायची, "आता का टाकलीस गं ही? थांबायचंस ना जरा." मी हेडफोन लावायचे आणि सर्व्हरचं काम करायचे.

गणपती झाल्यावर कांजूरच्या काकूंनी ग्रुपवर लिहिलं, "तवसर बुधवारी येवा गो. गुडघो बरो झालो असात तर." तवसर म्हणजे तोपर्यंत. आईनं ते मला वाचून दाखवलं. तिचा गुडघा केव्हाच बरा झाला होता. तिनं विचारलं, "जाऊ का?" आणि मी, मी काय म्हटलं असेन? "आता होतच आलंय, आई. परत पडाबिडाल. पंधरा दिवस थांबा." मला भीती वाटली की त्या परत जमायला लागल्या तर माझ्या गेमची गरजच उरणार नाही. हे आज लिहिताना तोंड कडू होतं. तेव्हा मी ते आईच्या काळजीनं बोलतेय असंच मला वाटत होतं, आणि आईलाही तसंच वाटलं. ती म्हणाली, "बरं, थांबू."

दिवाळीच्या आधी मावशीचा मला फोन आला. मी मीटिंगमध्ये होते. "जमलं का?" तिनं विचारलं. मी हळू आवाजात म्हटलं, "सर्व्हरचं चाललंय मावशी, मी करते तुला फोन." "बरं," ती म्हणाली. मी फोन केला नाही. दिवाळीनंतर आई एक-दोनदा म्हणाली की मावशीचा फोन हल्ली सून उचलते आणि त्या झोपल्यात म्हणून सांगते. मी म्हटलं, "थंडी आहे ना, झोपत असेल." मुंबईत कसली डोंबलाची थंडी!

जानेवारीत तिसऱ्या इंजिनातही काहीतरी अडलं, आणि एका शनिवारी सकाळी मी इतकी वैतागले की सगळं बाजूला सारून साधं वेबपेज उघडलं. चार नावं, बावन्न पत्ते, एक हिरवा चौकोन. सर्व्हर म्हणाल तर दोनशे-तीनशे ओळींचा. तीन शनिवार-रविवारांत गेम झाला. चमक नाही, पिसण्याचा आवाज नाही, इंजिन तर नाहीच. लिंक दाबली की डाव सुरू. मला आनंद व्हायला हवा होता. मला कसंतरीच झालं. तीन आठवड्यांचं काम होतं आणि मी आठ महिने इंजिन निवडत होते.

रविवारी दुपारी चारला चौघींना बसवलं. बरोबरीनं ग्रुप कॉल लावून स्पीकर चालू ठेवला, म्हणजे आरडाओरडा करता येईल. आईनं चांगली साडी नेसली होती, कॉलवर चेहरा दिसणार नव्हता तरी. पत्ते वाटले गेले. मालवणी काकू ओरडल्या, "अगो बाय, इलंत, इलंत पत्ते!" पहिले दोन हात सुरळीत गेले. तिसऱ्यात मावशीची पाळी आली आणि काहीच होईना. मला वाटलं, नेट गेलं. मग कॉलवर मावशीच्या सुनेचा आवाज आला, दबका, पण स्पीकरवर अगदी स्पष्ट: "आई, बदामची दश्शी आहे, बदामची सत्ती, किलवरचा राजा, चौकटची दुरी…"

मालवणी काकू खो खो हसल्या. "अगो, मोठ्यान वाचू नको! आमका सगळा कळताहा!"

त्यांचं हसणं थांबल्यावर सून म्हणाली, "काय करू काकू, आईंना दिसत नाही ना आता."

आईनं चटकन माझ्याकडे बघितलं. मग मावशीच बोलली, "काय थांबल्यात? बदामची सत्ती टाक गं." सत्ती पडली. त्यांनी तो डाव पुरा केला. मरोळच्या काकूंच्या हातात हुकूम असूनही त्यांनी मावशीची दश्शी सोडून दिली, हे मला सर्व्हरच्या नोंदीत दिसत होतं. आई जिंकली. फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तुला ठाऊक होतं?"

"नाही गं. शप्पथ."

मी आत जाऊन लॅपटॉपवरची ती यादी उघडली. 'नंतर'च्या खाली ती ओळ तशीच होती. पत्ते मोठे. एका बाईनं, जी कोणाकडे कधी काही मागत नाही, मला एक गोष्ट मागितली होती, आणि मी ती दिवाळीच्या पार्श्वभूमीशेजारी ठेवून दिली होती. मी लाजेनं अक्षरशः कान धरले. एकटीच, बंद खोलीत.

बुधवारी अर्धी रजा टाकली आणि आईला रिक्षात घालून कांदिवलीला गेले. मावशी खिडकीजवळ खुर्चीत बसली होती. तिनं आईचा आवाज ऐकून हात पुढे केला, आणि आई तिच्या शेजारी बसून रडायलाच लागली. "रडायला काय झालं? मेले का मी?" मावशीनं तिला झापलं. मग कळलं ते असं. साखरेनं डोळ्यांचे पडदे खराब झाले होते. बिल्डिंग सोडायच्या आधीच उजवा डोळा गेल्यात जमा होता. लेझर झालं, डोळ्यात इंजेक्शनं झाली. डावा दिवाळीपर्यंत कसाबसा चालला. आधी तिनं मुलालाही पुरतं सांगितलं नव्हतं. नर्स होती ती. पुढे काय होणार ते तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सून चहा ठेवायला आत गेली. मी खाली जमिनीवर बसले आणि येताना रिक्षात घोकलेलं सगळं विसरून एकदम म्हटलं, "मावशी, तुमचे बुधवार मी बंद पाडले."

"हो," ती म्हणाली. "तूच पाडलेस."

"माझी चूक झाली गं."

"झालीच. राग आला होता मला तुझा. अजून आहे थोडा."

तिनं असं म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीही लाज वाटली. मी म्हटलं, "पण एका शब्दानं बोलली असतीस तर! मी सगळं टाकून तुझ्यासाठी आधी केलं असतं. पत्ते हाताएवढे मोठे केले असते."

"अगं, पत्ते तर आता सून वाचतेच की. कोणीही वाचून दाखवेल. मी काय दोन-दोन बस बदलून पत्ते बघायला यायचे का कांजूरला?"

"मग?"

मावशीनं मान वळवली, आई जिथे बसली होती साधारण त्या बाजूला, थोडी चुकूनच. म्हणाली, "भिडू समोर बसतो ना डावात. दोन-दोन तास हिचं तोंड माझ्यासमोर असायचं. तेवढं बघून ठेवायचं होतं मला. चार बुधवार मिळाले."